सोलापुरातले आलिशान घर: नवे प्रवाह निवडण्यापासून काम ताब्यात घेण्यापर्यंत

एप्रिलच्या अखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास आपल्या घराच्या पश्चिमेकडील भिंतीला आतून तळहात टेकवून पाहावा. सूर्य मावळून साडेतीन तासांहून अधिक काळ झालेला असतो, अंगणातला वारा थोडा निवलेला असतो, पण गिलाव्याची धग हाताला स्पष्ट जाणवते. विटांची नऊ इंची भिंत दुपारभर ऊन पिते आणि काही तासांनी ती उष्णता आत सोडू लागते, म्हणजे नेमकी आपण झोपायला जातो त्या वेळी. अंतर्गत सजावटीवर मोठी रक्कम खर्च करू इच्छिणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी पहिली पायरी म्हणून हेच करायला सांगतो. जुळे सोलापूर, होटगी रोड आणि विजापूर रोड या भागांतील कितीतरी देखण्या बंगल्यांमध्ये मे महिन्यात सगळे कुटुंब वातानुकूलित अशा एकाच खोलीत गोळा होते आणि लाखो रुपये घातलेला दिवाणखाना दुपारभर रिकामा राहतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

गेल्या काही वर्षांत आलिशान घराची कल्पना जगभर बदलली आहे. चकचकीत लॅमिनेट, सोनेरी पट्ट्या आणि थरावर थर चढवलेले पीओपीचे छत मागे पडून चुन्याचा गिलावा, खरे लाकूड, न चमकणारा दगड, मातकट रंग, दडवलेली प्रकाशयोजना आणि नजरेआड राहणारे तंत्रज्ञान पुढे आले आहे. हा बदल सोलापूरला मानवणारा आहे, परंतु त्यातला प्रत्येक प्रवाह जसाच्या तसा येथे चालत नाही. ऊन, धूळ आणि पाणी या तीन कसोट्यांवर जे उतरते तेच घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. पुढचा सगळा क्रम त्या मतावर उभा आहे.

घराची पाहणी

कोणतीही छायाचित्रे गोळा करण्यापूर्वी घराचा नकाशा कागदावर घ्यावा आणि सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि रात्री दहा या चार वेळांना प्रत्येक खोलीचे तापमान त्यावर लिहावे. त्यासाठी साधा डिजिटल तापमापक पुरतो. सोबत ऊन कोणत्या खिडकीतून किती आत येते, धूळ कोठून येते आणि रस्त्याचा आवाज कोणत्या खोलीत पोहोचतो याची नोंद करावी. बोअरचे पाणी वापरात असेल तर त्याचा जडपणा प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा, कारण नळ, शॉवर आणि न्हाणीघरातील काच यांची निवड त्या अहवालावर ठरणार आहे.

घर काळ्या मातीवर उभे असेल तर भिंतींमधील तिरक्या भेगांची जागा आणि लांबी तारखेसह नोंदवावी. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया उथळ असल्यास इमारत थोडीथोडी हलत राहते. भेग वाढत आहे की स्थिर आहे हे कळायला एक ऋतू जावा लागतो, आणि तेवढे थांबणे पुढच्या नुकसानीपेक्षा स्वस्त पडते.

छत आणि खिडक्या

आपल्या भागातील जुन्या माळवदाच्या घरांत तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, बाहेरच्या बाजूला झरोके मोजकेच, आणि दारालगतच्या ढेळजेतून, म्हणजे आच्छादित ओसरीतून, आत आल्यावर चौक. त्या घरांचा गारवा जाडी आणि सावली यांतून येत होता. आजच्या पातळ काँक्रीटच्या स्लॅबला ते संरक्षण नाही, म्हणून वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खर्चाची सुरुवात गच्चीवरून करावी. आधी गळती बंद करावी, मग उष्णतारोधक थर घ्यावा आणि शेवटी पांढरे चायना मोझॅक किंवा ऊन परतवणारा पांढरा लेप द्यावा. हा क्रम उलटा केला तर पहिल्याच पावसात सगळे उकरावे लागते.

पश्चिमेच्या खिडकीला आतून कितीही महाग पडदा लावला तरी काचेतून आत आलेली उष्णता आतच अडकते. ऊन काचेला लागण्यापूर्वी अडवले पाहिजे, म्हणून छज्जा, बाहेरची उभी फळ्यांची झडप, बांबूच्या काड्यांचा पडदा (चिक) किंवा दगडी जाळी यांचा विचार प्रथम करावा. त्यानंतर काच. एकेरी काचेतून होणाऱ्या उष्णतावहनाचे मूल्य (यू-व्हॅल्यू, वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश) सुमारे 5.8 असते आणि साध्या दुहेरी काचेचे सुमारे 2.8, म्हणजे वहन साधारण निम्म्यावर येते. शिवाय आवाजही कमी होतो. सध्या मोठ्या सरकत्या काचांची आवड आहे, परंतु सरकत्या खिडकीच्या ब्रशमधून बारीक धूळ येत राहते. रबरी गॅस्केटवर घट्ट बसणारी, दारासारखी उघडणारी खिडकी येथे अधिक उपयोगी पडते. बागेकडे उघडणारी एखादी जागा मोठ्या सरकत्या काचेसाठी राखावी आणि बाकी ठिकाणी मोह आवरावा.

एसीची क्षमता हे सगळे ठरल्यानंतरच मोजावी. पंखे मात्र टाळू नयेत. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा, पंखा साधारण 28 ते 35 वॅट वीज घेतो, जुना पंखा 70 ते 75 वॅट. छतावर केवळ सुबकपणासाठी पंख्याची जागाच न ठेवण्याची नवी पद्धत सोलापुरात कोणी स्वीकारू नये.

भिंतीच्या आत जाणारी कामे

येथे मी स्वतः केलेली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या राहत्या घरात चुन्याचा गिलावा पूर्ण झाल्यावर मोबाइलवरून चालणारे स्विच बसवायला घेतले, तेव्हा लक्षात आले की जुन्या वायरिंगमध्ये स्विचच्या डब्यात फेज आणि परतीची तार आहे, न्यूट्रल नाही. बहुतेक स्मार्ट स्विचना न्यूट्रल लागतो. हाताने घोटून केलेल्या त्या भिंतीत पुन्हा खाचा मारताना सुतार, वायरमन आणि मी असे तिघेही गप्प होतो. म्हणून कोणता स्मार्ट संच घ्यायचा हे ठरलेले नसले तरी प्रत्येक डब्यात न्यूट्रल आणावा, खोल डबे बसवावेत आणि काही नळ्या पुढच्या सोयीसाठी रिकाम्या सोडाव्यात.

एसीसाठी 4 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार, दिव्यांसाठी 1.5, न्हाणीघरे आणि स्वयंपाकघरासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि मुख्य डीबीमध्ये, म्हणजे वीज वितरण पेटीत, एकाएकी वाढलेला विद्युतदाब अडवणारा सर्ज संरक्षक हे किमान समजावे. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. केमिकल अर्थिंग करून मे महिन्यात त्याचे मोजमाप घ्यावे. स्मार्ट उपकरणे घेताना 2022 मध्ये आलेल्या मॅटर या समान मानकाला जुळणारी घ्यावीत, म्हणजे एका कंपनीशी घर कायमचे बांधले जात नाही. दिवे, पडदे आणि एसी एवढ्यांवर स्वयंचलन थांबवावे असे मला वाटते, आणि घरातल्या आजी-आजोबांना प्रत्येक दिवा भिंतीवरच्या साध्या कळीने लावता आलाच पाहिजे. गच्ची मोकळी असेल तर सौर संचाची नळी आताच खाली आणावी. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅट आणि त्यावरील घरगुती संचासाठी 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे.

पाण्याबाबत आधी साठा आणि मग शॉवर, असा क्रम ठेवावा. उजनी धरणाचे पाणी काही दिवसांआड घेण्याची सवय असलेल्या आपल्या शहरात माणशी रोजचे 135 लिटर धरले, तर पाच माणसांच्या कुटुंबाला पाच दिवसांसाठी 3,375 लिटर लागतात, आणि यात पाहुणे आणि बाग धरलेली नाही. छतातून पडणाऱ्या पावसासारख्या मोठ्या शॉवरला साधारण एक ते दीड बार दाब लागतो. दहा मीटर उंचीवरील टाकी एक बार दाब देते. बंगल्यात टाकी न्हाणीघराच्या तीन-चार मीटर वर असते, म्हणजे दाब 0.3 ते 0.4 बारच मिळतो. प्रेशर पंपाची जागा, त्याचा आवाज आणि त्याची वीज यांचा विचार आधी केला नाही, तर महागडा शॉवर ठिबकत राहतो. बोअरच्या जड पाण्याने काळ्या मॅट नळांवर आठवडाभरात पांढरे डाग धरतात. काळा रंग हवाच असेल तर सॉफ्टनर बसवावा आणि साध्या मुलाम्याऐवजी पीव्हीडी, म्हणजे निर्वात कक्षात चढवलेल्या कठीण लेपाची फिटिंग्ज घ्यावीत. ब्रश केलेल्या पितळी छटेवर डाग तुलनेने कमी दिसतात, म्हणून मी तिचीच शिफारस करतो.

दगड, गिलावा आणि लाकूड

2025 साठी रंगांची मानके ठरवणाऱ्या पँटोन संस्थेने मोका मूस ही तपकिरी छटा वर्षाचा रंग म्हणून निवडली होती आणि एकूण ओढा करड्या व शुभ्र रंगांकडून मातीच्या रंगांकडे गेला आहे. आपल्याला हे रंग शोधायला दूर जावे लागत नाही. कापणीला आलेल्या ज्वारीचे ताट, शेंगांची टरफले आणि मळणीनंतरचा कडबा यांचे नमुने टेबलावर ठेवूनही रंगसंगती ठरवता येते, आणि मी ती तशी ठरवली आहे. अशा रंगांवर धूळही लवकर उठून दिसत नाही.

फरशीच्या बाबतीत घाई करू नये. इटालियन मार्बलचा मऊपणा आणि गारवा खरा आहे, पण तो मूलतः कॅल्शियम कार्बोनेट असल्याने लिंबू, चिंच आणि ताक यांच्या आम्लाने त्याची चमक जाते आणि हळदीचा डाग आत मुरतो. शयनगृहात किंवा दिवाणखान्यात तो घ्यावा, स्वयंपाकाच्या ओट्यावर घेऊ नये. ओट्यासाठी ग्रॅनाइट किंवा भट्टीत भाजलेले सिंटर्ड स्टोन योग्य, कारण गरम तवा आणि पातेले त्यांना सोसते. मोठ्या आकाराच्या, म्हणजे 1200 बाय 2400 मिलिमीटरच्या पाट्या सध्या फार मागितल्या जातात. सांधे कमी दिसतात हा त्यांचा गुण, पण मागणी नोंदवण्यापूर्वी जिन्याचे वळण आणि लिफ्टची उंची टेपने मोजावी. या पाट्या वाळू-सिमेंटवर न बसवता आयएस 15477 मानकाच्या चिकटद्रव्यावरच बसवून घ्याव्यात.

शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी शहाबादी फरशी आपण मोरी आणि अंगणापुरती ठेवली, याची मला खंत वाटते. नीट निवडलेली, कडा मशीनने कापलेली आणि घोटून मंद केलेली करडी शहाबादी फरशी अनवाणी पायाला जो थंडावा देते तो मोठ्या किमतीच्या टाइल्समध्ये मिळत नाही, आणि पितळ व सागवान यांच्या शेजारी ती फार सुंदर दिसते. तोही चुनखडीचाच दगड आहे, म्हणून संरक्षक सीलर लावावा आणि आम्लाने कधी धुऊ नये.

भिंतींसाठी चुन्याचा गिलावा आणि मायक्रोसिमेंट (सिमेंटचा सांधेविरहित पातळ लेप) हे दोन प्रवाह जोरात आहेत. मायक्रोसिमेंटचा थर अवघा दोन-तीन मिलिमीटरचा असतो. खालची भिंत चिरली की तो चिरतोच. काळ्या मातीवरील घरात पाहणीच्या वेळी नोंदवलेल्या भेगा वाढत असतील तर मायक्रोसिमेंटचा विचार सोडून द्यावा. चुन्याचे काम एप्रिल-मेमध्ये करू नये, कारण कोरड्या उन्हात तो मुरण्याआधीच सुकतो आणि भुकटी धरतो. सप्टेंबर ते जानेवारी हा त्याचा काळ आहे.

उभ्या खाचांचे फ्लूटेड पॅनेल छायाचित्रात सुरेख दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक खाचेत धूळ बसते आणि ती रोज ब्रशने काढणारे माणूस घरात असावे लागते. एखादी छोटी भिंत, तीही रस्त्यापासून दूरची, एवढीच त्याला द्यावी. तेच उघड्या शेल्फांचे. त्याऐवजी जुन्या वाड्यांतल्यासारखे कोनाडे भिंतीतच काढून आत मंद दिवा दिला, तर वस्तू दिसतात आणि पुसायची जागा मर्यादित राहते. गोलाई दिलेले कोपरे आणि कमानी मात्र निःशंकपणे घ्याव्यात. साफ करायला सोप्या आणि नजरेला मवाळ.

प्लायवुडची निवड नावावर करू नये, मानकावर करावी. ओलाव्याच्या ठिकाणी आयएस 710 असा छाप असलेले प्लाय घ्यावे; ते 72 तास उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकावे लागते. कोरड्या खोल्यांत आयएस 303 चालते. लाकूड आणि व्हिनीअर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, कामाच्या जागी दोन-तीन आठवडे ठेवून मगच कापावे, म्हणजे सोलापूरच्या कोरड्या हवेत ते जेवढे आकसायचे तेवढे आधीच आकसते. वाळवीचा उपाय फर्निचर लागण्यापूर्वी करून घ्यावा.

कापड: आपल्याच शहराची श्रीमंती

या विषयावर मी थोडे अधिक थांबतो, कारण सोलापुरात राहून सोफ्याचे कापड बाहेरगावच्या कॅटलॉगमधून मागवणारी घरे पाहून मला वाईट वाटते. सोलापुरी चादरीला 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जकार्डवर विणलेल्या या सुती चादरीची नक्षी दोन्ही बाजूंना उमटते, एका बाजूचे रंग दुसऱ्या बाजूला उलटे येतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एखाद्या मागावर उभे राहून हे पाहावे. डोक्यावर जकार्डचे शेकडो दोरे उचलले जातात, धोटा खटकन पलीकडे जातो, आणि दर फटक्याला कापड अगदी एक धागा पुढे सरकते. त्या आवाजात विणकर बोटाने तुटलेला ताणा शोधून गाठ मारतो आणि माग पुन्हा चालू होतो.

नक्षीदार वॉल हँगिंग विणण्याचे कसब या शहरात आहे, आणि जगभर भिंतीवर विणकाम लावण्याची जी आवड वाढली आहे तिला येथूनच उत्तर देता येते. भडक रंगांची मोठी फुले नको असतील तर आपल्या रंगसंगतीचे तीन-चार धागे आणि साधी भौमितिक नक्षी घेऊन विणकराकडे जावे. कमी लांबीचे कापड विणायला माग नव्याने बांधावा लागतो, म्हणून पडदे, उशा, पलंगपोस आणि भिंतीवरचा तुकडा यांची मागणी एकत्र द्यावी आणि सणांच्या हंगामाच्या बरेच आधी द्यावी. प्रथम एक मीटरचा नमुना विणून घ्यावा, दोनदा धुवावा आणि किती आटतो ते मोजावे. सोफ्यासाठी घर्षण चाचणीत किमान 20,000 फेरे टिकणारी वीण असावी. चादरीची सैल वीण सोफ्यावर लवकर पिंजते, ती उशांसाठी ठेवावी. जमिनीवर अंथरायला घोंगडीच्या लोकरीची पट्टी उत्तम.

प्रकाश, स्वयंपाकघर आणि देवघर

दिव्यांची संख्या कमी करून त्यांची जागा नेमकी ठरवावी. राहत्या खोल्यांत 2700 ते 3000 केल्विनचा उबदार प्रकाश आणि रंगदर्शकता निर्देशांक (सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचे माप) 90 च्या वर असावा, नाहीतर लाकूड आणि विणलेले कापड निर्जीव दिसते. संपूर्ण छत खाली घेऊन खोलीची उंची घालवू नये. कडेने चार-सहा इंचांची पट्टी पुरते.

खुले स्वयंपाकघर आपल्या स्वयंपाकाला पुरत नाही. शेंगांची चटणी कुटणे, ठेच्याची फोडणी आणि जाळावर शेकलेली कडक भाकरी यांसाठी मागे दार लावता येणारे छोटे स्वयंपाकघर करावे आणि पुढे चहा-नाश्त्यापुरता खुला ओटा ठेवावा. इंडक्शनची सपाट शेगडी पुढच्या ओट्यावर घ्यावी, पण भाकरीसाठी मागे गॅसची आच लागतेच. चिमणीचा धूर पाइपाने बाहेर सोडावा आणि त्या पाइपाला शक्यतो दोनपेक्षा जास्त वळणे देऊ नयेत.

देवघरामागे उजळणारा ऑनिक्स किंवा कोरीव जाळी लावण्याची पद्धत रुजली आहे. ऑनिक्सही आम्लाला आणि तेलाला नाजूक असतो, म्हणून समईच्या मागची दोन फूट जागा ग्रॅनाइट किंवा पितळी पत्र्याची ठेवावी, जाळी एमडीएफऐवजी सागवानी करावी आणि धूप बाहेर जायला वर झडप द्यावी. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, संक्रांतीला घर पाहुण्यांनी भरते. त्या वेळी पाच-सहा माणसे एकत्र आरतीला उभी राहतील एवढी मोकळी जागा देवघरासमोर आहे का, हे नकाशावरच मोजावे.

करार आणि ताबा

प्रत्येक कामाचे परिमाण, मानक, कंपनी आणि दर असलेला तक्ता सहीसह घ्यावा, 18 टक्के जीएसटी दरात धरला आहे की वेगळा हे त्यात लिहून घ्यावे, आणि एकूण रकमेच्या सुमारे दहा टक्के रक्कम अनपेक्षित खर्चासाठी बाजूला ठेवावी. कामाचा क्रम गच्ची व खिडक्या, वायरिंग व नळ, फरशी, गिलावा, फर्निचर, रंग आणि शेवटी कापड असा राहतो. लाकडावरचे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश शक्यतो कारखान्याच्या बंद खोलीत करून घ्यावे, कारण दुपारच्या वावटळीची धूळ ओल्या पॉलिशवर बसली की पुन्हा घासावे लागते. भिंत बंद होण्यापूर्वी सगळ्या तारा आणि नळांची टेप धरून छायाचित्रे काढावीत आणि ती घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावीत.

ताबा दिवसा घेऊ नये. संध्याकाळी जाऊन सगळे दिवे, एसी, पंप आणि शेगडी एकाच वेळी चालू करावेत, प्रत्येक नळ दहा मिनिटे वाहू द्यावा आणि खिडक्या बंद करून आवाज ऐकावा. शेवटची पाच टक्के रक्कम एक उन्हाळा आणि एक पावसाळा होईपर्यंत राखून ठेवण्याची अट करारात सुरुवातीलाच घालावी. पुढच्या एप्रिलमध्ये रात्री साडेदहाला त्याच भिंतीला पुन्हा हात लावावा, तापमानाचा जुना कागद समोर ठेवून चारही वेळांचे आकडे नव्याने लिहावेत, आणि पावसाळा संपताच गच्ची व भेगा पाहून त्यानंतरच ती रक्कम द्यावी.